चौथा कोपरा

अमेरिकेतल्या उपनगरात घराला चिकटून दोन गाड्यांचे गॅरेज असते, आणि हौशी माणसाकडे गाड्या मात्र तीन. तिसरी म्हणजे एखादी जुनी मस्टँग किंवा कॉर्व्हेट, उन्हाळ्यात रविवारी बाहेर निघणारी. तिला बर्फात उभी ठेवणे जिवावर येते. मग चार खांबांची लिफ्ट आणली जाते: लाडकी गाडी वर, रोजची गाडी तिच्या पोटाखाली. शनिवारी मित्र जमतात, खांब उभे राहतात, तेल भरले जाते, गाडी डौलात वर जाते. टाळ्या होतात. मग ती खाली आणली जाते. तीन कोपरे जमिनीला टेकतात आणि चौथा दोन बोटे अधांतरी लटकत राहतो.

त्या दोन बोटांपायी लोकांचे पुढचे कित्येक रविवार खर्ची पडतात. लिफ्ट वर नीट जाते की नाही याची काळजी सगळेच घेतात. ती खाली नीट बसते का, हा प्रश्न आधी किरकोळ वाटतो. पण यंत्र उभारताना झालेली जवळपास प्रत्येक चूक खाली टेकतानाच उघडी पडते.

यंत्र तसे सरळ आहे. चार खांब, पुढेमागे दोन आडव्या तुळया आणि त्यांवर चाकांसाठी दोन लांब पोलादी धावपट्ट्या. एका धावपट्टीच्या पोटात तेलाचे सिलिंडर असते. पंप सुरू झाला की तेलाचा दाब दट्ट्याला सरकवतो. दट्ट्याच्या टोकाला जाड पट्टी आणि त्या पट्टीला चार पोलादी दोर बांधलेले. प्रत्येक दोर कप्प्यांवरून वळत, तुळईच्या पोटातून आपापल्या खांबाकडे जातो आणि खांबाच्या माथ्यावर नटाने आवळलेला असतो. पट्टी जेवढी सरकते तेवढे चारही दोर आत ओढले जातात आणि धावपट्ट्या तेवढ्याच वर चढतात. बेंडपॅक कंपनीचे एचडी-9 हे घरगुती गॅरेजांत दिसणारे मॉडेल 9,000 पौंड, म्हणजे चार टनांहून थोडे अधिक वजन पेलते. विहिरीवरच्या मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर असत, आणि त्यांचे माप चुकले की पाणी थारोळ्यात पडण्याऐवजी वाटेतच सांडे. इथे दोर चार आहेत आणि बैलजोडी एकच.

गंमत अशी की मोटारींची पहिली हायड्रॉलिक लिफ्ट या दुखण्यापासून पूर्ण मुक्त होती. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाती या मेकॅनिकने ती 1925 मध्ये बनवली. कल्पना सुचली न्हाव्याच्या खुर्चीवरून. पायाने दांडी दाबली की गिऱ्हाईक वर येते, मग मोटार का येऊ नये? लुनातीच्या लिफ्टला जमिनीत पुरलेला एकच जाड दट्ट्या होता आणि वर चढलेली गाडी खुर्चीसारखी गोल फिरवताही येई. एका दट्ट्यावर उभे असलेले यंत्र चार कोपऱ्यांचे भांडण जाणतच नाही. पण त्यासाठी जमीन खोल खणावी लागते, आणि घराच्या गॅरेजची फरशी फोडायला कोण तयार होणार? म्हणून एकाचे चार पाय झाले.

चार पाय म्हटले की डुगडुगणे आले. तिवई कसल्याही ओबडधोबड जमिनीवर ठामपणे बसते, कारण तीन बिंदूंमधून एक सपाट पातळी जातेच जाते. चौथा पाय आला की तो त्या पातळीत असेलच याची हमी नाही. हॉटेलातल्या टेबलाखाली दुमडलेला कागद सरकवणारा प्रत्येक जण हे भूमितीचे सत्य जाणतो. लिफ्टच्या बाबतीत हा कागदाचा तुकडा कुठे सरकवायचा, एवढाच प्रश्न. जागा तीन आहेत: खांबाच्या तळाशी, खांबाच्या आतल्या शिडीत आणि दोराच्या टोकाशी. बहुतेक जण सुरुवातच तिसरीपासून करतात, कारण तो नट हाताशी असतो आणि पाना फिरवला की काहीतरी हलताना दिसते. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी जमिनीकडे पाहायला हवे. गॅरेजची फरशी सपाट दिसते, पण ती सपाट नसते आणि नसावी असाच नियम आहे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेनुसार गाडी उभी राहते त्या फरशीला निचऱ्याकडे किंवा दाराकडे उतार द्यावा लागतो, म्हणजे बर्फाचे पाणी नि सांडलेले पेट्रोल घराकडे न जाता बाहेर वाहते. गवंडी सर्वसाधारणपणे फुटाला एक अष्टमांश इंच उतार देतात. हा उतार डोळ्यांना जाणवतही नाही. पण पुढच्या-मागच्या खांबांत 15 फूट अंतर असले तर तो जवळपास 48 मिलिमीटर भरतो. उतार फुटाला पाव इंच असेल तर तोच फरक 95 मिलिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचा होतो. अधांतरी राहिलेला कोपरा अनेकदा दाराकडचाच का असतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

म्हणजे लिफ्टला एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करायची असते. वर असताना धावपट्ट्या पाण्याच्या पातळीत हव्यात, नाहीतर गाडी घसरू पाहील. खाली आल्यावर मात्र त्या जमिनीच्या उताराशी जुळवून पडल्या पाहिजेत. अनेक घरमालक खाली टेकलेल्या धावपट्टीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यभागी आणायची खटपट करतात. तो हट्ट सोडलेला बरा. खाली पातळी बघायचीच नसते. तिथे फक्त चारही कोपरे टेकले की नाहीत ते पाहायचे.

कामाचा क्रम खालून वर जातो. प्रथम खांब ओळंब्यात उभे आहेत का ते पाहायचे आणि त्यांनी आखलेला आयत खरोखर काटकोनी आहे का, ते दोन कर्ण मोजून तपासायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर आयत बरोबर. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतात. हे वरवर फालतू वाटते, पण तुळईची टोके खांबाच्या आत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर सरकत असतात. खांब किंचित कलला असेल तर ठोकळा घासतो, रुतून बसतो, आणि लिफ्ट रिकामी असेल तर तो कोपरा वाटेतच अडकतो. बाकीचे तीन खाली जातात. मग अचानक धप्प! हा आवाज ज्यांनी ऐकला आहे ते पुन्हा दोराच्या नटाला हात लावण्यापूर्वी ओळंबा काढतात. कललेल्या खांबाच्या तळाशी पोलादी पत्र्याचे तुकडे सारून तो सरळ करता येतो. मात्र पत्र्यांची जाडी कुठवर चालेल याला उत्पादकाची मर्यादा असते, बऱ्याचदा अर्धा इंच. तीन-चार इंचांचा फरक पत्र्यांच्या चळतीवर पेलायचा विचारही करू नये.

नंतर येते शिडी. प्रत्येक खांबाच्या आत खाचांची एक उभी पोलादी पट्टी असते, साधारण दहा-दहा सेंटिमीटरवर एक खाच. लिफ्ट वर जाताना तुळईच्या टोकाचा अडसर एकेका खाचेवरून सरकतो आणि ‘खट्’ आवाज करत पुढे जातो. हव्या त्या उंचीला पोचल्यावर लिफ्ट थोडी खाली सोडायची, म्हणजे चारही अडसर खाचांत बसतात आणि गाडीचे वजन तेल नि दोरांवरून उतरून खांबांवर येते. गाडी महिनोन्महिने वर ठेवायची असेल तर ती अशीच. तेलाच्या भरवशावर ती कधीच सोडत नाहीत, कारण वायसरातून तेल थेंबथेंब झिरपते आणि हिवाळ्यात आकसते.

ही शिडी खांबाच्या माथ्यावरच्या नटांनी वरखाली करता येते, आणि पातळी साधायची खरी जागा हीच. लिफ्ट चारही अडसरांवर बसवायची, आणि मग लेसर किंवा पाण्याची नळी घ्यायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बांधकामावर गवंड्याच्या हातात दिसणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी अमेरिकेतल्या लिफ्टसाठीही तितकीच पुरते. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीला राहते, मध्ये उतार असो की खांब असो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर मात्र ती सरळ खोटे बोलते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून खात्री करायची. सर्वांत उंच कोपरा ठरवायचा आणि बाकीच्या तीन शिड्या त्याच्या उंचीला आणायच्या. दाराकडच्या शिड्या अर्थातच जास्त वर येतात.

इतके झाल्यावर दोरांना हात लावायचा. इथे गवंड्याचे काम संपते आणि तंबोरा जुळवणाऱ्याचे सुरू होते. तंबोऱ्याच्याही तारा चारच. एक तार चढवली की घोडीवरचा ताण बदलतो आणि आधी लावलेली तार किंचित उतरते. म्हणून जुळवणारा चारही तारांवरून पुनःपुन्हा फिरतो. लिफ्टचेही तसेच होते. एका कोपऱ्याचा दोर आवळला की तो कोपरा उचलला जातो, समोरचा तिरका कोपरा त्याच्या सोबतीने भार घेतो आणि उरलेले दोघे सैलावतात. बघणाऱ्याला वाटते, सैल कोपऱ्यांतच काहीतरी बिघडले आहे. तो ते आवळतो, की आधीचे दोन सैल. अशा फेऱ्यांत चारही नट टोकापर्यंत आवळले जातात आणि मग लिफ्ट खाली येतच नाही: सिलिंडरचा पल्ला संपतो, दोर संपतात आणि धावपट्ट्या जमिनीपासून बोटभर वर टांगलेल्या राहतात. ‘लिफ्ट पूर्ण उतरत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच अतिआवळणे असते.

त्यावरचा उपाय कानाने करायचा आहे. रिकामी लिफ्ट हळूहळू वर न्यायची आणि अडसरांचे आवाज ऐकायचे. चारही ‘खट्’ जवळजवळ एकत्र यायला हवेत. जो कोपरा मागाहून वाजतो त्याचा दोर लांब आहे. लिफ्ट अडसरांवर बसवून, दोरातला ताण पूर्ण गेल्यावरच, तो नट थोडा आवळायचा. आधी वाजणाऱ्याचा थोडा सैल करायचा. ताणाखालच्या दोराचा नट फिरवणे म्हणजे आगीशी खेळ. पाऊण इंची बोल्टला इंचात 10 आटे असतील तर नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. दीड सेंटिमीटरची चूक सहा फेऱ्यांत निघते, आणि नटाबाहेर पुरेसे आटे उरले नाहीत तर दुखणे दोराच्या लांबीत नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, असे समजावे.

कान लावण्याचे आणखी एक कारण आहे. एखादा कोपरा फार मागे राहिला तर तीन अडसर वरच्या खाचेत जातात आणि चौथा एक खाच खाली बसतो. मग ती तिरकी बसलेली गाडी दहा सेंटिमीटर एका कोपऱ्यावर झुकते. चार आवाज मोजल्याशिवाय लिफ्ट खाचांवर सोडायची नाही, ही सवय इथूनच लागते.

नवा दोर आणखी एक चकवा देतो. तारांचा पिळलेला दोर 1834 मध्ये जर्मनीत हार्ट्झ पर्वतातल्या क्लाउस्टाल इथे खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी वापरात आणला. तेव्हापासून त्याचा स्वभाव बदललेला नाही: भार येताच त्याचे पेड एकमेकांत घट्ट बसतात आणि दोर कायमचा थोडा लांबतो. हे लांबणे साधारण पाव ते अर्धा टक्का असते. ऐकायला नगण्य. पण लिफ्टचे चार दोर सारख्या लांबीचे नसतात. सिलिंडरशेजारच्या खांबाचा दोर 3 मीटरचा असला तर तिरक्या टोकाच्या खांबाचा 9-10 मीटरचा असू शकतो. अर्ध्या टक्क्याने पहिला दीड सेंटिमीटर लांबतो, दुसरा पाच. म्हणजे पहिल्या दिवशी जीव ओतून जुळवलेली लिफ्ट काही दिवसांत बिनसते, आणि बिनसते ती नेमकी लांबच्या कोपऱ्यात. नवी तार चढवलेला तंबोराही पहिल्या मैफलीत असाच उतरत राहतो. म्हणून पहिली जुळणी कच्चीच धरायची, गाडी दहा-वीसदा वरखाली करायची आणि मग पुन्हा चार ‘खट्’ ऐकायचे. गाडीसकट ऐकले तर अधिक चांगले. इंजिन पुढे असलेल्या गाडीचे जास्त वजन पुढच्या दोन दोरांवर पडते आणि रिकाम्या लिफ्टवरचा ताल गाडीखाली बदलतो.

आता पुन्हा त्या उतरत्या फरशीवर. लिफ्ट दोरांवर लटकलेली असताना सपाट आहे आणि जमीन उताराची, म्हणून घराकडची, म्हणजे उंचवट्यावरची टोके आधी टेकतात. दाराकडची टोके तेव्हाही 48 मिलिमीटर वर असतात. तेल परत टाकीत सोडणारी झडप उघडी ठेवली तर तीही हळूहळू खाली जातात, पण तोवर घराकडचे दोर तेवढेच सैल पडलेले असतात. हा सैलपणा दोष नाही, उताराचा हिशेब आहे. मात्र सिलिंडरच्या पल्ल्यात तेवढी शिल्लक हवी. ती नसली तर दाराकडचे दोर थोडे सैल करून किंवा मर्यादेत बसेल तेवढे पत्रे तिथल्या खांबांखाली सारून तडजोड करावी लागते. दोर सैल केले तर वर चढताना लिफ्ट किंचित दाराकडे झुकते, पण खाचांवर बसली की शिड्या तिला सपाट धरतात. झुकाव एका खाचेच्या अंतरापेक्षा बराच कमी ठेवला की ही तडजोड चालते.

सैल दोर म्हटले की आणखी एक अडसर आठवतो. बहुतेक चारखांबी लिफ्टना प्रत्येक कोपऱ्यात दोराच्या ताणावर चालणारा एक वेगळा अडसर असतो. दोर ताठ असेपर्यंत तो मागे दाबलेला राहतो. दोर तुटला किंवा सैलावला की स्प्रिंग त्याला खाचेत ढकलते. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच तराफ्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. तराफा किंचित खाली येऊन थांबला. ताण गेला की स्प्रिंग सुटते आणि दातात अडकते, ही युक्ती तीच. घरच्या लिफ्टवर ती एक वेगळे नाटक करते. एखाद्या कोपऱ्यातला ठोकळा घासून रुतला किंवा खाली कुणी लाकडाचा तुकडा विसरला, तर तिथला दोर क्षणभर सैल होतो, अडसर उडी मारून खाचेत शिरतो आणि तो कोपरा जागीच थांबतो. इतर तीन उतरत राहतात. मालक झडप आणखी दाबतो. योग्य कृती नेमकी उलटी आहे: झडप सोडायची, पंप चालू करून लिफ्ट थोडी वर घ्यायची, दोर ताठ होऊन अडसर मागे गेला हे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच पुन्हा उतरवायची. कुठलाही कोपरा अडकलेला असताना त्याला पहारीने हलवायला जाणाऱ्याचे धाडस कौतुकाचे नाही.

पूर्ण उतरल्यावर वाकून पाहायचे ते थोडकेच. चारही तुळईची टोके तळाशी टेकली आहेत का. दोर सैल असले तरी कप्पीच्या खाचेतच आहेत का, कारण बाहेर निसटलेला दोर पुढच्या चढाईला कप्पीच्या कडेवर चिरडतो. गाडी चढायची उतरण जमिनीला चिकटली आहे का. बस्स. एखाद्या टोकाखाली वहीचा पुठ्ठा सरकेल एवढी फट उरली तर फरशीच तिथे खोलगट असेल. गाडी चढल्यावर धावपट्टी किंचित वाकून ती फट बहुधा मिटते.

तेलाचाही यात वाटा असतो. पुस्तिकांत बहुधा एडब्ल्यू-32 दर्जाचे हायड्रॉलिक तेल किंवा गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल सांगितलेले असते. मिनेसोटासारख्या राज्यात जानेवारीत गॅरेज गोठते, तेल घट्ट होते आणि रिकामी लिफ्ट इतकी सावकाश उतरते की ती अडकली असावी असे वाटावे. रिकाम्या धावपट्ट्यांचे वजन तेलाला परत टाकीत ढकलायला जेमतेम पुरते. अशा दिवशी नटांना हात न लावता चहा पिऊन यावा हे उत्तम. व्यावसायिक गॅरेजमधल्या लिफ्टची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी, असे अमेरिकेतले मानक सांगते. घरच्या गॅरेजात विचारायला कुणी येत नाही. तिथे तुटलेल्या तारेची टोके दोरावर शोधणारा निरीक्षक मालकच.

या लिफ्टच्या जाहिरातीत एक चित्र हमखास असते: खांबांना चाके लावून हसतमुख मालक ती गॅरेजभर ढकलत नेताना. चाकांवर ती खरेच सरकते. पण दुसऱ्या बाजूच्या जागेतला उतार वेगळा असतो, आधीचे पत्रे इथल्या खळग्याला पुरत नाहीत, आणि खांबांवर खडूने केलेल्या खुणांचा काही उपयोग उरत नाही. मग फळीवरची प्लॅस्टिकची नळी पुन्हा खाली निघते, तिच्यात पाणी भरले जाते, आणि बुडबुडा वर यायची वाट पाहत कुणीतरी तिची दोन्ही टोके शेजारी धरून उभे राहते.